पाडकामाचं सागवान : ‘जून’ आणि ‘जुनं’ यातला गोंधळ

वाडा किंवा चाळ पाडताना निघालेल्या सागवानाच्या तुकड्यांतून ट्रे, घड्याळं, दिवे घडवणं हल्ली नवं मानलं जातं. खरं तर गावचा सुतार उरलेल्या तुकड्यातून लाटणं, रवी, खुरप्याची मूठ काढतच असे. चुलीत जायच्या त्या फक्त ढलप्या.

हे लाकूड मुंबई-पुण्यात आलं त्यातल्या दोन वाटा ठळक. एक मध्य प्रांतातलं, बाजारात अजूनही ‘सीपी’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) म्हणतात ते. दुसरं ब्रह्मदेशचं. १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाला निमित्तसुद्धा सागाच्या ओंडक्यांवरून मुंबईच्या एका कंपनीला झालेल्या दंडाचं होतं.

जुन्या सागवानाला आजचं मोल आलं ते १९९६ नंतर. त्या वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेत, म्हणजे जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यात, न बसणारी जंगलतोड थांबवली, २००२ मध्ये नव्या आरा गिरण्यांच्या परवान्यांवरही बंधन आलं. धंद्यातले लोक या आदेशांना अजून दोष देतात. पण जंगल उरलं नसतं तर पुढे साग तरी कुठून येणार होता? १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि पाडकामाच्या तुळईचं मोल आणखी वाढलं.

इथेच ‘जून’ आणि ‘जुनं’ यांची गल्लत होते. जून म्हणजे पक्व झालेलं, गाभ्याचं लाकूड. जुनं म्हणजे पूर्वी वापरलेलं. पहिला गुण झाडाचा, दुसरा घराचा. सागाच्या गाभ्यातल्या तैलद्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट थराला हे संरक्षण नसतं. आणि झाड एकदा तोडलं की त्या फिकट थराचा गाभा कधीच होत नाही, मग तो शंभर वर्षं छताखाली राहिलेला का असेना. वर्षांनी लाकूड वाळतं, वाकण्या-पिळण्याचं प्रमाण घटतं, एवढंच. वखारीत मात्र ‘शंभर वर्षांचं आहे’ म्हटलं की गिऱ्हाईक गाभ्याचं समजून घनफुटाचा दर मोजतं. तुळईचं टोक कापून पाहावं, फिकट कड किती ते लगेच दिसतं. रंधा मारला की गाभ्याचा चामड्यासारखा वासही येतो. लहान वस्तू करणाऱ्याला ही कड वगळणं सोपं जातं, कारण त्याला अखंड फळी लागत नाही. तुकड्यांच्या कामाची ही मोठी जमेची बाजू आहे.

अलीकडे बंदरांतून येणारी पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकटही ‘जुन्या लाकडा’च्या नावाने विकली जाते. ती बहुधा झपाट्याने वाढलेल्या पाइनची असते, जून नव्हे. २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कीड मारण्यासाठी असं लाकूड पार मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात आणि त्यावर ‘एचटी’ (हीट ट्रीटेड) शिक्का मारतात. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. त्याचा पोळपाट किंवा खेळणं करू नये.