ड्रॉप शॅडो आणि इनर शॅडो: सावली नेमकी कुणाची?

सांगलीत वेब डिझाइन शिकणारी मुलं कॅनव्हासवर, म्हणजे वेब पानात कोडनं चित्र काढायच्या जागेवर, काम करायला लागली, की हमखास विचारतात, ‘ड्रॉप शॅडोच्या ऑफसेटला उणे चिन्ह दिलं, तरी इनर शॅडो का येत नाही?’ ड्रॉप शॅडो म्हणजे आकाराबाहेर पडणारी सावली, इनर शॅडो म्हणजे आकाराच्या आत दिसणारी, आणि ऑफसेट म्हणजे सावली किती सरकवायची तो आकडा. उणे आकड्यानं सावली दुसऱ्या बाजूला सरकते, पण आकाराच्या बाहेरच राहते. या दोन सावल्या एकमेकींच्या उलट आहेत असं वाटतं, आणि घोळ तिथंच होतो.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे, डोळ्यांपुढं आणा. अंगणात हळदीचा ढीग घातला, तर त्याची सावली ढिगाबाहेर जमिनीवर पडते. पेवाच्या तोंडाशी वाकून पाहिलं तर आत दिसणारी सावली मात्र पेवाची नसते. ती भोवतालच्या जमिनीच्या काठाची असते. म्हणजे ड्रॉप शॅडो पाडतो तो आकार स्वतः, आणि इनर शॅडो पाडतो तो आकाराभोवतीचा परिसर. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं गणित सुटतं.

ऑफसेटचंच घ्या. उजवीकडं ४ आणि खाली ४ पिक्सेल दिलेत, तर ड्रॉप शॅडो आकाराच्या उजव्या आणि खालच्या कडेबाहेर दिसेल. तेच आकडे इनर शॅडोला दिलेत, तर सावली आतल्या बाजूनं वरच्या आणि डाव्या कडेला दिसेल. दोन्ही ठिकाणी उजेड वरून-डावीकडूनच येतोय. मार्केट यार्डातल्या अडत्यासाठी हळदीच्या भावाचं पान करताना ‘पट्टी काढा’ (विक्रीचा हिशोब काढा) हे बटण उचललेलं हवं आणि भाव टाकायचा रकाना खोलगट. दोन्हींचे ऑफसेट एकाच दिशेचे ठेवले, तरच ते एका पृष्ठभागावरचे वाटतात.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, काम सोपं आहे: बॉक्स-शॅडोला ‘इनसेट’ जोडलं की झालं. फक्त फिल्टरमधल्या ड्रॉप-शॅडोला इनसेट चालत नाही, हे लक्षात असू द्या. कॅनव्हासला मात्र आतल्या सावलीची सोयच नाही. शॅडोकलर (रंग), शॅडोब्लर (धूसरपणा), शॅडोऑफसेटएक्स (आडवं सरकणं) आणि शॅडोऑफसेटवाय (उभं सरकणं) हे चारही गुणधर्म बाहेरच्या सावलीचे. म्हणून एक छोटं फंक्शन लिहून आपल्या लायब्ररीत ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक आकारासाठी तोच कोड पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही.

त्या फंक्शनचं काम असं चालतं. आकार आधी नेहमीसारखा रंगवून घ्या, कारण आतली सावली रंगाच्या वर बसते. ड्रॉप शॅडो आकाराच्या खाली जाते. हाही दोघींतला फरकच. मग सेव्हनं कॅनव्हासची आत्ताची स्थिती जपा आणि त्याच आकाराचा क्लिप लावा, म्हणजे आकाराबाहेर काही उमटणार नाही. आता आकाराला चहूबाजूंनी वेढणारा मोठा आयत घ्या, त्यात तोच आकार जोडा आणि ‘इव्हनऑड’ नियमानं, म्हणजे दोनदा वेढलेला भाग रिकामा सोडून, भरा. मधे भोक असलेली चौकट तयार होते. चौकट स्वतः क्लिपच्या बाहेर राहते, म्हणून दिसत नाही; तिची सावली तेवढी भोकातून आत येते. शेवटी रिस्टोअर, म्हणजे क्लिप निघून जपलेली स्थिती परत येते.

चौकट ब्लर आणि ऑफसेट मिळून होतात त्यापेक्षा रुंद हवी, नाहीतर सावली मधेच विरळ होते. ती पूर्ण अपारदर्शक रंगानं भरा. भरलेल्या रंगाची पारदर्शकता सावलीतही उतरते. सावली फिकी हवी असेल तर शॅडोकलरचा अल्फा, म्हणजे रंगाची अपारदर्शकता, कमी करा.

एवढं केल्यावरही काठावर चौकटीच्या रंगाची केसाएवढी रेघ दिसू शकते. क्लिप आणि चौकट, दोन्हींच्या कडा अँटीअलायझिंगमुळं, म्हणजे कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून होणाऱ्या प्रक्रियेमुळं, अर्धवट भरलेल्या असतात, त्याचा हा परिणाम. यावरचा उपाय मला फार आवडतो. क्लिप लावून झाल्यावर चौकट १०,००० पिक्सेल डावीकडं, कॅनव्हासच्या पार बाहेर काढायची आणि शॅडोऑफसेटएक्समध्ये तेवढेच मिळवून फक्त सावली जागेवर आणायची. रेघ जाते.

इथं एक गोष्ट नीट सांभाळा. कॅनव्हासच्या सावलीचे ऑफसेट आणि ब्लर ट्रान्सफॉर्म, म्हणजे चित्र मोठं करणं किंवा फिरवणं, जुमानत नाहीत. मोबाइलच्या दाट स्क्रीनसाठी स्केल २ लावलं, तर आकार दुप्पट होतो, पण ८ चा ब्लर ८ च राहतो, म्हणजे डोळ्याला निम्मा दिसतो. म्हणून ब्लर आणि ऑफसेट दोन्हींना डिव्हाइसपिक्सेलरेशोनं, म्हणजे स्क्रीन किती दाट आहे त्या आकड्यानं (इथं २), गुणा. ते १०,००० सुद्धा. सीएसएसच्या सावलीत हा हिशोब ब्राउझरच करतो.

अक्षरांसाठी ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण अक्षरं काढणाऱ्या फिलटेक्स्टमधून क्लिपसाठी पाथ, म्हणजे कडेची रेषा, मिळत नाही. तिथं दुसऱ्या, न दिसणाऱ्या कॅनव्हासवर पूर्ण आयत भरायचा आणि ‘डेस्टिनेशन-आउट’ लावून त्यातून अक्षरं कोरून काढायची. तिसऱ्या रिकाम्या कॅनव्हासवर मूळ अक्षरं रंगवायची, ‘सोर्स-अटॉप’ लावायचं आणि तो कोरलेला आयत सावलीसकट वर काढायचा. सोर्स-अटॉपमुळं अक्षरांबाहेर काही उमटत नाही. मग हा तयार थर मुख्य चित्रावर ठेवा. आयत इथंही लांबून काढला तर काठ स्वच्छ येतो.

फोटोच्या बाबतीत उलट सीएसएस अडवतं. इमेज टॅगला इनसेट सावली दिली तर ती फोटोखाली झाकली जाते. फोटो एका डिव्हमध्ये, म्हणजे साध्या खोक्यात, ठेवून सावली त्याच्या आफ्टर या स्यूडो-एलिमेंटवर, म्हणजे सीएसएसनं वर चढवलेल्या जादा थरावर, द्यावी लागते, आणि त्याला पॉइंटर-इव्हेंट्स नन करावं लागतं, नाहीतर फोटोवरचे क्लिक तोच अडवतो. कॅनव्हासवर मात्र ड्रॉइमेजनं फोटो काढून झाल्यावर फोटोच्या आयताला आपलं फंक्शन लावलं की सावली सरळ वर येते.