हावेल ते म्युरित्झ, छोट्या शिडाच्या बोटीतून: परवाना, बोट-क्रमांक आणि कागदपत्रं

बर्लिनच्या श्पांडाऊहून निघायचं, लेनित्झ, लीबेनवाल्डे, त्सेडेनिक, फ्युर्स्टेनबेर्ग करत हावेल नदीने उत्तरेला सरकायचं आणि मिरोवमार्गे म्युरित्झ तलावात उतरायचं. पाच-सहा मीटरची शिडाची बोट आणि मागे छोटं आउटबोर्ड इंजिन, एवढ्यावर ही सहल आरामात होते. कागदपत्रांचा घोळ मात्र बऱ्याच जणांचा होतो, कारण एकाच बोटीला पाण्यागणिक आणि कामागणिक वेगळी मर्यादा लागू होते. इंजिन किती पीएसचं, म्हणजे अश्वशक्तीचं, आहे हे आधी त्याच्या उत्पादकाच्या पट्टीवर वाचा. झाकणावरचं स्टिकर पुरावा म्हणून धरू नका.

परवाना कधी लागतो

जर्मन केंद्र सरकारच्या अंतर्गत जलमार्गांवर ११.०३ किलोवॅट, म्हणजे १५ पीएसपर्यंतच्या इंजिनाला परवाना लागत नाही. ही सूट १७ ऑक्टोबर २०१२ पासून आहे. त्याआधी मर्यादा ५ पीएस होती, आणि जुन्या लोकांच्या तोंडात अजून तोच आकडा असतो. त्यांचं अगदीच चूक नाही, ऱ्हाइन नदीवर आजही ५ पीएसच्या वर परवाना हवाच. बोडेनझे तलावाचा कायदा तर संपूर्ण वेगळा: तिथे ४.४ किलोवॅटपेक्षा मोठं इंजिन किंवा १२ चौरस मीटरपेक्षा मोठं शीड असेल, तर त्या तलावाचाच परवाना काढावा लागतो. विजेच्या मोटरला १५ पीएसची सूट नाही, तिची मर्यादा ७.५ किलोवॅट आहे.

म्हणजे ४ ते ६ पीएसचं इंजिन लावून हावेलने जाणाऱ्याला इंजिनासाठी परवान्याची गरज नाही. फक्त सुकाणू धरणारा किमान १६ वर्षांचा हवा. गोम आहे ती शिडात. बर्लिन परिसरातल्या काही पाण्यांवर ठरावीक क्षेत्रफळाहून मोठं शीड उभारायचं तर शिडाचा परवाना लागतो, मग इंजिन असो वा नसो. निघायच्या जागेचा नियम आधी तपासा, नाहीतर म्युरित्झची सगळी तयारी करून पहिल्याच दिवशी शीड गुंडाळून ठेवावं लागेल.

भाड्याच्या हाउसबोटींसाठी तीन तासांचं प्रशिक्षण घेऊन मिळणारा तात्पुरता दाखला वेगळा. तो ठरावीक पाण्यांवर, १५ मीटरपर्यंतच्या भाड्याच्या बोटींना आणि तेवढ्या भाडेकाळापुरताच चालतो. स्वतःच्या किंवा मित्राच्या बोटीला त्याचा काही उपयोग नाही.

परवाना काढायचाच असेल तर

त्याचं नाव श्पोर्टबोटफ्यूररशाइन बिनेन, म्हणजे अंतर्गत जलमार्गांवर बोट चालवायचा परवाना. आमचं मत विचाराल तर गरज नसली तरी काढावा. मोठ्या इंजिनाची बोट भाड्याने घेता येते, आणि हेच कार्ड युरोपातल्या इतर देशांत आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र म्हणूनही चालतं. इंजिनासाठी किमान वय १६, फक्त शिडासाठी १४. अठराच्या आतल्यांना पालकांचं संमतिपत्र लागतं.

अर्जासोबत पासपोर्ट आकाराचा फोटो, ओळखपत्र, ठरलेल्या नमुन्यातला डॉक्टरी दाखला आणि गाडीच्या परवान्याची प्रत द्यायची. डॉक्टरी दाखला १२ महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. त्यात नजर आणि ऐकणं तर येतंच, शिवाय रंग ओळखण्याची तपासणीही येते, कारण पाण्यावरचे दिवे लाल-हिरवे असतात. याचे पैसे आरोग्यविमा भरत नाही, खिशातून द्यावे लागतात.

भारतातून आलेल्यांची अडचण होते ती गाडीच्या परवान्यापाशी. पुण्याच्या आरटीओचा परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. तो जर्मन परवान्यात बदलून घेतला नसेल तर त्याऐवजी पोलिसी चारित्र्य-दाखला द्यावा, म्हणजे फ्यूरुंग्सत्सॉयग्निस. हा राहत्या भागातल्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, मागायचा, फी १३ युरो. मागताना ‘बेलेगआर्ट ओ’, म्हणजे कार्यालयाकडे थेट पाठवायचा, हाच प्रकार सांगा आणि परीक्षा समितीचा पूर्ण पत्ता हातात ठेवा, कारण हा दाखला तुमच्या घरी येत नाही, थेट समितीकडे जातो. लोक साधा खासगी दाखला घेऊन येतात आणि परीक्षेची तारीख हुकते. दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तरीही चालत नाही.

लेखी परीक्षा जर्मनमध्ये, पर्यायी उत्तरांची. सामान्य भागाचे ७ प्रश्न, त्यातले ५ बरोबर हवेत. अंतर्गत जलमार्गांचे २३, त्यातले १८. शिडाचा परवानाही हवा असेल तर आणखी ७ प्रश्न. प्रश्नसंच जाहीर असतो, पण त्यात बरोबर उत्तर कायम ‘अ’ला छापलेलं असतं. त्यावरून पाठ केलं की डोळ्यांना पहिल्याच पर्यायाची सवय लागते आणि परीक्षेत क्रम उलटसुलट आला की घोटाळा होतो. सराव नेहमी फिरवलेल्या क्रमानेच करा. प्रात्यक्षिकात बोट धक्क्यावरून काढणं, लावणं, पाण्यात पडलेल्या माणसाच्या जागी टाकलेला तरंगता गोळा उचलणं आणि गाठी हे येतं.

बोट-क्रमांक: इथे बहुतेक जण अडकतात

परवाना नको म्हणजे कागद नकोत असं समजू नका. इंजिन २.२१ किलोवॅटपेक्षा, म्हणजे ३ पीएसपेक्षा मोठं असेल तर बोटीला क्रमांक लागतोच. बिनइंजिनाची शिडाची बोट ५.५ मीटरपेक्षा लांब असेल तर तिलाही तो लागतो. तो जलमार्ग कार्यालयातून घ्या, नाहीतर एडीएसी (जर्मन वाहनचालकांचा क्लब) किंवा मोटरबोट-शिडबोट महासंघांकडून ‘इंटरनॅशनल बोटशाइन’, म्हणजे बोटीचं आंतरराष्ट्रीय कार्ड, काढा. एडीएसीच्या क्रमांकाला शेवटी ‘ए’ हे अक्षर लागतं. दोन्ही मार्ग सरकारला मान्य आहेत. परदेशी पाण्यात जायचा विचार असेल तर दुसरा बरा, पण त्याची मुदत संपत असते, तारीख लिहून ठेवा.

लागतं काय तर खरेदीखत, ओळखपत्र, बोटीचं माप, बांधणी-क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक. जुनी बोट घेताना खरेदीखतात हे दोन्ही क्रमांक लिहूनच घ्या. एका चिठ्ठीवर ‘शिडाची बोट विकली’ एवढंच लिहून विकणारा गेला की अर्ज तिथेच अडतो. आणि बोटीवर दिसणारा जुना क्रमांक आधीच्या मालकाच्या नावाचा असतो, तो घेऊन फिरू नका.

अक्षरं किमान १० सेंटीमीटर उंच, फिक्या बोटीवर गडद किंवा गडद बोटीवर फिकी, दोन्ही बाजूंना. ती अशा उंचीवर चिकटवा की फेंडर (धक्का सोसणारी उशी) लोंबला तरी झाकली जाणार नाहीत. क्रमांकाची गरज नसलेल्या बोटीवरही बाहेर बोटीचं नाव आणि आत मालकाचं नाव-पत्ता लिहावाच लागतो. घर बदललं की नवा पत्ता कळवायचा.

दायित्व विमा कायद्याने सक्तीचा नाही, पण रात्री थांबायच्या धक्क्यावर मालक त्याचा पुरावा मागू शकतो. वर्षाचा कागद छापून बोटीत ठेवा. बोटींचा रेडिओ-संच वापरायचा असेल तर त्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर फोनवर भागवा.

वाटेत

पुलांखालून जायला डोलकाठी आडवी करावी लागते, म्हणून ती बिजागरीवर बसवलेली हवी आणि आडवी ठेवायला मागे एक टेकू. काठी आडवी असताना सगळा भार इंजिनावर, तेव्हा इंधन त्या हिशेबाने. शीड आणि इंजिन एकत्र चालू असेल तर कायद्याच्या लेखी ती मोटरबोट, शिडाला मिळणारा अग्रक्रम सुटला.

मिरोवपर्यंत पाणी वरखाली करणारी बंदिस्त दारं, श्लॉयझे, भरपूर आहेत. काही ठिकाणी लटकणारा हिरवा दांडा ओढून ती आपणच चालवायची. शेजारी-शेजारी दोन लाल दिवे म्हणजे थांबा. त्यातला एक विझला की दार उघडायच्या तयारीत आहे, तरी आत जाऊ नका. हिरवे लागले की शिरा. दोन लाल दिवे एकावर एक दिसले तर ते श्लॉयझे बंद आहे. तिथे वाट न पाहता जवळचा धक्का गाठा. आत गेल्यावर दोर खुंटीला बांधून टाकायचा नाही, हातात धरून ढील द्यायची. पाणी उतरताना बांधलेला दोर बोटीला भिंतीवर टांगून ठेवतो.