देव पहिला की मंडळीचं काम पहिलं?

"देवाला पहिली जागा द्या" हे आपण ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकतो. पण जगताना त्याचा अर्थ बहुतेकदा "मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला पहिली जागा द्या" असाच घेतला जातो. उपासना, प्रार्थना सभा, गायनाचा सराव, दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं) या सगळ्यावर माझा जीव आहे, म्हणूनच हा गोंधळ मला सलतो.

एरवी दोन्ही सारखंच दिसतं, कारण देवाला पहिलं मानणाराही रविवारी देवळात असतोच. फरक दिसतो तो दोन कर्तव्यं एकदम समोर आली की. येशूच्या काळी एखादा मुलगा आपल्याजवळचं काही 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करायचा आणि आईबापांना पोसण्याच्या जबाबदारीतून मोकळा व्हायचा. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू त्यावर कडक बोलतो: तुम्ही आपल्या परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडता. देवाच्या नावाने काढलेला पैसासुद्धा देवाच्या आज्ञेआड येऊ शकतो, हे त्याने स्पष्टच सांगितलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तर हे एका शब्दात सापडतं. सहाव्या अध्यायात "पहिल्याने त्याचे राज्य", म्हणजे देवाचं राज्य, मिळवायला सांगितलं आहे. ते आपल्याला तोंडपाठ असतं. त्याच्या थोडं आधी, पाचव्या अध्यायात, वेदीपुढे दान घेऊन आलेल्या माणसाला येशू म्हणतो की दान तिथेच ठेव, प्रथम भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे, 'प्रोटॉन', म्हणजे प्रथम, पहिल्याने. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला माणूस पहिल्या बाकावर बसत असेल, तर त्याचं 'पहिल्याने' भावाच्या ओसरीवर अडलेलं आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि विधवांसाठी स्वतःला वाहून घेतलं. तरी पुढे आपल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षं लागली. एवढी सेवा करणाऱ्या बाईने हे कबूल करावं, याचं मला फार मोल वाटतं. आणि त्यानंतर त्यांचं काम कमी झालं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं.

"देव मनात आहे, मंडळी कशाला?" असा अर्थ कुणी यातून काढू नये. एकत्र जमणं सोडू नका, असं इब्री लोकांस पत्रात लिहिलेलंच आहे. ओव्हरटाइमच्या पैशासाठी दर रविवारी उपासना चुकत असेल, तर तिथे पहिली जागा पैशाने घेतली आहे.

माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हाही मी बुधवारची प्रार्थना सभा चुकवली नाही. मी निघताना ते दाराकडे बघत राहायचे. आता आई थकली आहे. बुधवारी संध्याकाळी मी तिच्या खाटेजवळ बसतो, तिच्या आवडीचं स्तोत्र वाचतो आणि तिचे पाय चेपतो.