टेकडीवरचा भोकाभोकांचा दगड

माझी भाची पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून येताना खिशात दगड भरून आणते. परवा तिने एक काळा दगड टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मामा, याला कुणी कुरतडलंय?" दगडाला खरंच जिकडेतिकडे भोकं होती. काही मोहरीएवढी, काही वाटाण्याएवढी, आणि चार-पाच भोकांत पांढरं काहीतरी गच्च बसलेलं.

दख्खनचं पठार कशापासून बनलं, याचं उत्तर तिला पाठ आहे: लाव्हारसापासून. एक मार्क. तोच लाव्हा तिच्या खिशात होता, हे मात्र तिच्या गावी नव्हतं.

तव्यावरच्या घावनाला जाळी पडते ना, तशीच ही जाळी. सुमारे ११०० अंश सेल्सियसचा लाव्हा पसरला, त्यातले वायू बुडबुडे होऊन वर यायला लागले, आणि निघून जायच्या आत रस थिजला. बुडबुडे वर चढतात, म्हणून लाव्हाच्या थराचा माथा भोकाळ आणि मधला भाग घट्ट. आजीचा पाटा-वरवंटा अशा घट्ट, बारीक कणांच्या बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा. त्याला टाकी लावून घेता येते. भोकाळ दगडावर चटणी वाटली तर निम्मी दगडातच राहायची!

"मग ज्वालामुखी कुठंय? पर्वती?" हा पुढचा प्रश्न, आणि तो बऱ्याच मोठ्या माणसांनाही पडतो. पर्वती ज्वालामुखी नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून रस वाहत राहिला. एक थर थिजायचा, त्यावर दुसरा. पुढे पावसापाण्याने आजूबाजूचा खडक झिजला आणि जे उरलं त्याला आपण टेकडी म्हणतो. सिंहगडाच्या कड्याकडे लांबून पाहा, आडवे थर पायऱ्यांसारखे दिसतात. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत मधेच विटकरी पट्टा दिसला तर थांबाच. दोन थरांच्या मधल्या निवांत काळात खडकाची झीज होऊन माती तयार झाली, आणि वरून नवा लाव्हा आल्यावर ती भाजून निघाली. म्हणजे तो पट्टा ही मधली सुट्टी.

आणि हे सगळं घडलं तेव्हा आपला भूभाग इथे नव्हताच! तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रीयुनियन बेटाच्या आसपास होता. ज्या उष्ण ठिकाणावरून तो उत्तरेकडे सरकला, तिथला ज्वालामुखी आजही त्या बेटावर अधूनमधून पेटतो.

पाताळेश्वराला गेलात तर खांबांवरून हात फिरवा. आठव्या शतकातलं हे लेणं याच कातळात कोरलेलं आहे. बाहेरचा नंदीचा गोल मंडपसुद्धा.

राहिलं ते पांढरं. थिजलेल्या खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि रिकाम्या बुडबुड्यांत त्याने खनिजं साठवली, बहुतेक झिओलाइट. हे नाव १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिलं. तापवल्यावर खनिज फसफसलं, म्हणून ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. कारखान्यात बनवलेलं झिओलाइट आज कपड्यांच्या पावडरीत असतं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मात्र याहून भारी माल निघाला: कॅव्हनसाइट नावाचं खनिज, झगझगीत निळं, पांढऱ्या झिओलाइटवर फुलासारखं बसलेलं. निळाई व्हॅनेडियम या धातूमुळे. पहिल्यांदा ते अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलं, पण जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत मिरवतं ते वाघोलीचं. ज्या खाणींत खडी फोडायची, तिथे हे!

आमच्या दगडात निळं काही नव्हतं. पांढरं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिजही असू शकतं, म्हणून भाचीने सुईने थोडी पूड खरवडली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. कॅल्साइट असतं तर बारीक बुडबुडे आले असते. आम्ही दोघं भिंग घेऊन पाच मिनिटं वाट पाहत बसलो. एकही आला नाही.