तापत्या ग्रिपमुळे बॅटरी बसते का?

मोटारसायकलने लडाखला निघणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला असा, की हीटेड ग्रिप (हँडलच्या विजेवर तापणाऱ्या मुठी) लावल्या की बॅटरी बसलीच म्हणून समजा. वास्तविक १२ व्होल्टवर त्या साधारण ३ ते ४ अँपिअर, म्हणजे ३६ ते ४८ वॅट घेतात. हा भार ५५ वॅटच्या हॅलोजन दिव्याहूनही कमी असून, इंजिन चालू असताना मोठ्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारा भाग) तो सहज पेलतो. (छोट्या गाडीची क्षमता मात्र आधी तपासावी.) बॅटरी उतरते ती वायर थेट तिलाच जोडून स्विच बंद करायला विसरल्यामुळे, म्हणून फ्यूज आणि इग्निशनवर चालणारा रिले (चावी बंद करताच वीज तोडणारा स्विच) हवाच. खरी जोखीम उजव्या ग्रिपची, कारण थ्रॉटल (वेग कमी-जास्त करणारी फिरती मूठ) तिथेच असतो: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही वायर ताणत नाही आणि सोडताच थ्रॉटल आपोआप मागे येतो, हे पाहिल्याशिवाय गोंद लावू नये.