पेटीतच अ‍ॅम्प असलेली गिटार

१९६२च्या सुमाराला अमेरिकेत सिअर्स या मोठ्या दुकानाच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन नावाची एक स्वस्त इलेक्ट्रिक गिटार विकायला आली. टपालाने मागवली की घरी एक पेटी यायची. पेटीत गिटार, आणि पेटीच्याच अंगात बसवलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा, छोटा अ‍ॅम्प्लिफायर (अ‍ॅम्प) आणि स्पीकर. पेटी उभी करायची, वायर जोडायची आणि वाजवायला बसायचं. घरी वाजवण्यासाठी गिटार घेणाऱ्या प्रत्येकाने ही पेटी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. किती कमी सामग्रीत काम भागतं, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

न्यू जर्सीतली डॅनइलेक्ट्रो कंपनी ती बनवत असे. गिटारचं अंग म्हणजे लाकडी चौकटीवर पुढून-मागून ठोकलेला हार्डबोर्ड, जो आपल्याकडे कपाटाच्या पाठीला लावतात. तारांचा कंप टिपणारे पिकअप बसवले होते लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांमध्ये! तरीही हा आवाज पुढे लोकांना इतका आवडला की लेड झेपलिन या रॉक बँडच्या जिमी पेजसारख्या गिटारवादकाने डॅनइलेक्ट्रो मंचावर वाजवली.

हे जमलं, कारण इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाला गायचं नसतं. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३१मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर असा पिकअप मुका राहतो. साध्या, बिनविजेच्या गिटारची गोष्ट वेगळी. तिथे वरची फळीच हवा हलवते, त्यामुळे लाकडाचा दर्जा लगेच ऐकू येतो.

आता वॅटचा प्रश्न. दुकानात पाच वॅटचा अ‍ॅम्प पाहून नाक मुरडणारे बरेच भेटतात. पण आपला कान वॅट सरळ मोजत नाही. शक्ती दहापट केली की पातळी १० डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॅटचा अ‍ॅम्प पाच वॅटच्या दहापट नव्हे, जेमतेम दुप्पट मोठा वाटेल. गिटारचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल देतो असं धरा. मग एका वॅटचा शंभरावा भाग दिला तरी ७५ डेसिबल मिळतात, आणि साधं बोलणं तर ६०च्या आसपास असतं. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात पाच वॅटसुद्धा बहुतेक वेळ झोपूनच असतात.

एक अडचण मात्र खरी आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा तो भरदार, किंचित फाटलेला आवाज येतो तो अ‍ॅम्पला त्याच्या ताकदीपलीकडे ढकलल्यावर. तेव्हा लाटेचे माथे छाटले जातात आणि मूळ आवाजात नसलेले नवे स्वर त्यात मिसळतात. पाच वॅटच्या व्हॉल्व्हलाही तिथवर नेलं तर शेजारी दारात उभे राहतील. म्हणून घरी मला आजचे छोटे डिजिटल अ‍ॅम्प अधिक योग्य वाटतात. लाट छाटण्याचं काम ते आधीच आकड्यांत उरकतात, आणि आवाज किती मोठा ठेवायचा हे बटण वेगळंच असतं.

सगळ्यांत सुंदर भाग स्पीकरचा. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. हवेतली ही लाट चार मीटरहून लांब असते. वीतभर स्पीकरला, तोही उघड्या पेटीतला, ती नीट ढकलता येत नाही. तरी आपल्याला स्वर खालचाच ऐकू येतो. तारेतून ८२ बरोबर १६५, २४७, ३३० असे पटीतले कंपही निघतात, आणि ते छोटा स्पीकर व्यवस्थित वाजवतो. त्यांच्यातलं समान अंतर मेंदू ओळखतो आणि तळाचा स्वर स्वतः भरतो. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकलेल्यांना पटीतले स्वर नवे नाहीत. तिथे गंधाराची तार नसते, पण गंधार हवेत खरोखर असतो. इथे उलट आहे. स्वर हवेत जवळपास नसतो आणि तरी ऐकू येतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर गिटारची जाड तार ऐकून पाहा, लगेच पटेल.

मग पैसे आणि लक्ष घालायचं कुठे? माझं उत्तर: सुरात. दुकानात बारावा पडदा तपासा. तो घोडी आणि मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या वरच्या खाचेच्या जवळजवळ मध्ये असतो. तिथे तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग तीच तार तिथेच दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबल्याने तार थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणून घोडीपाशी प्रत्येक तारेची लांबी किंचित वाढवून ठेवावी लागते, जाड तारांची जास्त. आज अगदी स्वस्त इलेक्ट्रिक गिटारवरही बहुधा प्रत्येक तारेसाठी वेगळा स्क्रू मिळतो, आणि एका पेचकसाने दहा मिनिटांत हे काम होतं. सिल्व्हरटोनवर ती सोय नव्हती. तिथे घोडीवर शिसवीची एकच अखंड पट्टी होती. ती तिरकी सरकवायची आणि साही तारा जेवढ्या सुरात येतील तेवढ्या आणायच्या.