पहिल्या मिनिटाची धडधड

माझी भाची आठवीला आहे, इथंच सांगलीत, आणि गेल्या महिन्यात बाईंनी तिचं नाव परस्पर वक्तृत्व स्पर्धेत घालून टाकलं. पोरीनं पाच मिनिटांचं भाषण शब्दन् शब्द पाठ केलं, बाथरूममधनं घडाघडा ऐकू यायचं, पण आम्ही पाचजण दिवाणावर ओळीनं बसलो की ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ इथपर्यंत गाडी सुसाट, आणि मधेच कुठंतरी एक शब्द निसटला की पुढचं सगळंच गायब, आढ्याकडं बघत उभी. ताई म्हणाली पाठांतर कच्चं आहे. मला काय ते पटलं नाही, कारण कॉलेजात असताना मी स्वतः असाच अर्ध्यात थँक्यू म्हणून स्टेजवरनं उतरलोय आणि माझं पाठांतर एकदम पक्कं होतं.

म्हणून तिची धडधड मोजायला कपाटातला कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर काढला आणि तिच्या बोटाला लावला. तर रीडिंगच येईना, नुसत्या रेघा. सेल गेले असतील म्हणून माझ्या बोटाला लावला तर लगेच आकडा. तिची बोटंच बर्फासारखी गार पडली होती.

ते गार पडणं हाच सगळा खेळ आहे. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो, त्याला धोका वाटला की सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे शरीराला आणीबाणीसाठी जागं करणाऱ्या नसांचं जाळं, चालू होते, किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि शरीर पळायची नाहीतर मारामारीची तयारी करतं. कातडीचं रक्त आत ओढलं जातं म्हणून बोटं गार, पचनाचं काम थांबतं म्हणून पोटात गोळा, लाळ कमी होते म्हणून जीभ टाळ्याला चिकटते, आणि पळायला तयार झालेल्या स्नायूंना नुसता एक कागद धरून उभं राहायला लावलं तर ते थरथरणार नाहीत तर काय करतील? हार्वर्डच्या वॉल्टर कॅनननं शंभरेक वर्षांपूर्वी मांजरासमोर भुंकणारं कुत्रं आणून हे तपासलं होतं, घाबरलेल्या मांजराच्या रक्तात अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा स्राव वाढलेला सापडला. आमच्या घरात कुत्र्याच्या जागी पाच नातेवाईक होते एवढाच फरक.

हात चोळून गरम केल्यावर नाडीचे आकडे आले, मिनिटाला किती ठोके ते. नुसती बसलेली असताना ८६. ‘चल, उभी रहा’ म्हटल्यावर, तोंड उघडायच्या आधीच ११८. व्यासपीठ आणि गुरुजन वर्ग चालू असताना १२६. आणि तिसऱ्या मिनिटाला, हात टेबलावर स्थिर ठेवून बोलत होती, १०४. एका पोरीचे आकडे म्हणजे काही संशोधन नव्हे हे मलाही कळतं, पण भाषणाच्या भीतीवर काम करणाऱ्यांना वारंवार हेच दिसलंय की बहुतेकांची धडधड बोलायच्या जस्ट आधी आणि पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त असते, मग आपोआप उतरायला लागते. आपण पळून जातो ते नेमकं शिखरावर असताना, त्यामुळे उतार असतो हे मेंदूला कधी कळतच नाही.

आता त्या ‘आदरणीय व्यासपीठ’ची आपण सगळेच टिंगल करतो, मी पण केलीय, पण बघा ना, डोकं जेव्हा सगळ्यात कमी चालतं नेमकं त्या मिनिटात तोंडाला डोक्याशिवाय चालणारं काम दिलेलं आहे! आपल्याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हासुद्धा सुरुवात सूत्रधाराच्या मंगलाचरणानं, मग गणपती, मग सरस्वती, मुख्य गोष्ट नंतर. ते देवासाठीच असणार, धडधडीसाठी नव्हे, पण पहिल्यांदा लोकांसमोर उभं राहणाऱ्या नटाला त्याचा फायदा झाला नसेल असं मला तरी वाटत नाही.

गडबड होते ती त्याच्या पुढं. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातली एक टेस्ट आहे १९९३ची, जगभर अजून वापरतात. माणसाला थोडा वेळ तयारीला देतात, मग अजिबात न हसणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण, आणि ते संपलं की १०२२ मधनं १३ वजा करत जा, चुकलं की परत पहिल्यापासनं. १००९, ९९६, ९८३, पुढचं तुम्ही करून बघा, तेही कुणीतरी टक लावून बघत असताना. यात लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, बहुतेकांचं चांगलंच चढतं, दुप्पट-तिप्पट सुद्धा. हे कॉर्टिसॉल अ‍ॅड्रिनलिनसारखं लगेच येत नाही, सावकाश चढतं, आणि ते चढलेलं असताना आधी पाठ केलेलं आठवणं जड जातं. म्हणजे ज्या पोराचा नंबर तेविसावा असतो आणि जे तासभर बाकावर पाय हलवत बसलेलं असतं त्याचं भाषण गायब होणं यात त्याचा दोष किती? त्यात शब्दन् शब्द पाठ म्हणजे मण्यांची माळ, एक मणी सुटला की सगळे घरंगळले.

मग आम्ही भाषण फाडलं. पहिली चार वाक्यं झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत इतकी पाठ, बाकीचे फक्त पाच मुद्दे, ते रोज वेगळ्या शब्दांत, रोज वेगळ्या माणसासमोर. एक दिवस शेजारच्या काकू, एक दिवस खालचा इस्त्रीवाला, तो बिचारा इस्त्री बाजूला ठेवून ऐकत उभा होता. भीती पुसली जात नाही, तिच्यावर ‘इथं काही झालं नाही’ अशी नवीन आठवण बसते, आणि ती घट्ट व्हायला वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या जागा लागतात, आरसा उपयोगाचा नाही. आणि नंबर यायच्या आधी सावकाश श्वास, सोडायला जास्त वेळ, कारण श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडनं हृदयाकडं येणारी नस, हृदयाला ब्रेक लावते, ऑक्सिमीटरवर आकडा खाली येताना तिनं स्वतः बघितला तेव्हा कुठं विश्वास बसला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, लोकांना मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त, ते तसं नाही हां. १९७३च्या अमेरिकन सर्व्हेत कशाकशाची भीती वाटते यावर खुणा करायच्या होत्या आणि भाषणावर जास्त जणांनी खूण केली, एवढंच. जास्त जणांना वाटणं वेगळं आणि जास्त वाटणं वेगळं.

‘मामा, माझे हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतंय,’ हे तिचं शेवटपर्यंत चालू होतं. मोबाईलवर शूटिंग करून दाखवलं, तिला स्वतःलाच थरथर सापडेना. सॅवित्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच मोजलं, बोलणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा त्याची घाबरगुंडी ऐकणाऱ्यांना बरीच कमी दिसते, आणि ज्यांना हे आधीच सांगून ठेवलं होतं ते बोललेही जास्त चांगले.

स्पर्धेत नंबर आला नाही. घरी येताना भडंग घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, ‘चौथा मुद्दा विसरले, डायरेक्ट पाचवा घेतला. कळलं का?’

मी पहिल्या रांगेत होतो. नव्हतं कळलं.